डिस्चार्ज कार्डावर झोपेचाही रकाना हवा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील व्यसनमुक्ती केंद्रांचे संचालक, डॉक्टर आणि समुपदेशक यांस,

सप्रेम नमस्कार.

शहराच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. काउंटरवर मी स्वतःच असते. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमाग कामगार, टॉवेलच्या कारखान्यातले शिलाईवाले, विडी वळणाऱ्या बायका. निम्मं बोलणं तेलुगूत, उरलेलं मराठीत, अधूनमधून कन्नड. तुमच्याकडे पेशंट महिनाभर, फार तर तीन महिने राहतो. पुढची वर्षं तो आमच्या गल्लीत काढतो. म्हणून तुमच्या नजरेआड जे घडतं त्यातलं थोडं माझ्यासमोर घडतं. त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल लिहिते. झोपेबद्दल.

सुटून आलेला माणूस आठवड्याभरात दुकानात येतो. बहुधा रात्री, मी शटर ओढायच्या बेतात असताना. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना ते आधी बघतो. मग हळूच, "निद्र वस्तलेदु अक्का." झोपच येत नाही, काहीतरी द्या. चिठ्ठी मागितली की तुमचं डिस्चार्ज कार्ड पुढे करतो, खिशातल्या घामाने मऊ पडलेलं, चार घड्यांचं. त्यावर थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व असतं, यकृताची गोळी असते, कधी दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, फॉलोअपची तारीख. तळाला छापील सूचना: जुनी संगत टाळा, वेळेवर जेवा, पुरेशी झोप घ्या. ही शेवटची सूचना वाचली की माझं डोकं फिरतं. ताप आलेल्याला 'ताप येऊ देऊ नका' म्हणावं, तशी ती आहे. काहींच्या कार्डावर दहा दिवसांची क्लोनाझेपाम ही गुंगीची गोळी लिहिलेली असते. अकराव्या रात्रीचं काय, ते कुठेच लिहिलेलं नसतं. आणि अकराव्या रात्री तो माझ्यासमोर उभा असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की दारू सुटल्यावरचा निद्रानाश हा त्या आजाराचाच एक भाग समजून त्यावर ठरवून उपचार करा. तो तुमच्याकडे असतानाच सुरू करा आणि पुढे काय करायचं ते कार्डावर लिहून द्या.

डॉक्टर मंडळींना मी शरीरशास्त्र शिकवायला जात नाही. पण हे पत्र घरचेही वाचतील, म्हणून थोडं. दारूने डोळा लवकर लागतो, हे खरंच आहे. रात्रीचा पहिला भाग गाढ जातो. शरीर तासाला साधारण एका पेगाइतकी दारू निकालात काढतं, त्यामुळे मध्यरात्र उलटली की रक्तातली दारू उतरते आणि झोप मोडायला लागते. घाम, धडधड, तहान, लघवी, विचित्र स्वप्नं. स्वप्नांची झोप सुरुवातीला दाबली गेलेली असते, ती नंतर उसळी मारते. दोन-तीनला जाग येते ती येतेच. शिवाय दारूत झोप आणण्याचा जो गुण असतो त्याची शरीराला काही रात्रींतच सवय होते. काल अर्ध्या क्वार्टरवर लागणारा डोळा पुढे क्वार्टरवर लागतो.

वर्षानुवर्षं असं चाललं की मेंदू आपली घडी बदलतो. मेंदूला शांत करणारी गाबाची यंत्रणा मंदावते, चेतवणारी ग्लुटामेटची यंत्रणा वाढते. दारू आहे तोवर दोन्हींचा मेळ कसाबसा बसतो. दारू काढून घेतली की चेतवणारी बाजू तेवढी मोकाट राहते. पहिल्या आठवड्यातली थरथर आणि घाम त्यातूनच. ती थरथर थांबली की पेशंट बरा झाला असं घरचे धरतात, बऱ्याचदा केंद्रवालेही धरतात. झोपेची घडी मात्र एवढ्यात बसत नाही. काही महिने जातात, काहींना वर्षावर जातं. दारूच्या व्यसनी रुग्णांमधल्या निद्रानाशाचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत ३६ ते ९१ टक्के इतकं निघालं आहे. आकड्यांत एवढी तफावत आहे कारण कुणाला, कधी आणि कसं विचारलं यावर ते अवलंबून असतं. पण त्यातला सगळ्यात कमी आकडा घेतला तरी तीन जणांत एक.

आणि जो झोपत नाही तो परत पितो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात कर्क ब्रोअर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार सुरू करताना ज्यांना निद्रानाश होता त्यांच्यातले ६० टक्के पुढच्या पाचेक महिन्यांत पुन्हा प्यायला लागले होते, ज्यांना नव्हता त्यांच्यातले ३०. अभ्यास छोटा होता, पण आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, आश्चर्य वाटणार नाही. 'स्लिप' झालेल्या, म्हणजे पुन्हा प्यायलेल्या माणसाला तुम्ही गटात बसवून विचारता की कोणता मित्र भेटला, बायकोशी भांडण झालं का, पगार झाला होता का. रात्री किती वाजेपर्यंत जागा होतास, हे विचारता का? माझ्याकडे येणारे सांगतात ते असं: तीन रात्री टक्क डोळ्यांनी काढल्या, चौथ्या दिवशी पाळीवर मागापुढे उभं राहवेना, संध्याकाळी वाटलं आज एकदाच घेऊ आणि झोपू. मित्र नव्हता, भांडण नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात दारूच्या पुरवठ्यावर काम झालेलं आहे. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं, तांड्यांवरच्या हातभट्ट्या मोडल्या आणि ते काम सोडणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा म्हणून खटपट केली. चांगलंच झालं. पण भट्टी बंद करणाऱ्याच्या पोटाची जेवढी काळजी घेतली, तेवढी बाटली बंद करणाऱ्याच्या रात्रीची कुणी घेत नाही. मुळात उपचारापर्यंत पोचणारेच किती थोडे. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांत एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाल्याचं दिसलं. तो एक जण तुमच्या दारातून आत येऊन बाहेर पडतो आणि झोपेपायी घसरतो, हे मला पटत नाही.

आता ताडीचं. पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकांत हा विषय नसतो, आपल्याला टाळता येणार नाही. ताडाची झाडं मोजकी आणि ताडी मात्र हवी तेवढी, हे कसं जमतं ते सोलापुरात लहान पोरालाही ठाऊक आहे. ताडीत क्लोरल हायड्रेट सापडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. हे क्लोरल हायड्रेट म्हणजे १८६९ पासून वापरात आलेलं झोपेचं औषध, आज जवळपास इतिहासजमा. शेजारच्या तेलंगणात, जिथून आमचे पणजोबा आले आणि जिथे आमचे पाव्हणे अजून आहेत, ताडीत अल्प्राझोलाम आणि डायझेपाम या झोपेच्या गोळ्यांचं औषधही मिसळलेलं सापडत आलं आहे. २०१५ मध्ये तिथे भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई झाली, तेव्हा ताडी अचानक बंद झालेली माणसं झटके, बडबड आणि निद्रानाश घेऊन दवाखान्यांत भरती झाली.

त्यामुळे दाखल होताना कुणी म्हणाला, "मी दारूला शिवत नाही साहेब, फक्त ताडी," तर सोपी केस म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. तो बहुधा रोज ताडीबरोबर झोपेचं औषधही घेत होता, फक्त त्याला नाव ठाऊक नव्हतं. त्याचा निद्रानाश दुहेरी असतो आणि ताडी एकदम थांबवली तर फीटही येऊ शकते. बेन्झोडायझेपिनची (अल्प्राझोलाम, डायझेपाम ज्या गटातली, त्या औषधांची) लघवी तपासणी क्लोरल हायड्रेट पकडत नाही, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नये. ताडी कुठली, किती वर्षं, ती न मिळाल्या रात्री झोपेचं काय होतं, हे प्रश्न वेगळे विचारा. आणि तेलुगूत विचारा. मराठीत तो 'होय-नाही' एवढंच बोलतो.

गोळ्यांविषयी मला जास्त बोलायचं आहे, कारण रोजचा संबंध त्यांच्याशी.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग लिहायचे, ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. मी लिहिते. सगळे लिहितात असं म्हणणार नाही. मी नाही म्हटलं तर तो दुसऱ्या गल्लीत जातो, तिथे नाही मिळालं तर ॲव्हिल ही गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी घेतो, खोकल्याचं सिरप घेतो, किंवा मग देशीच्या दुकानात जातो. देशीच्या दुकानात चिठ्ठी लागत नाही आणि ते माझ्यापेक्षा उशिरापर्यंत उघडं असतं.

विथड्रॉवलच्या, म्हणजे दारू थांबल्यावरच्या त्रासाच्या, पहिल्या दिवसांत, देखरेखीखाली, बेन्झोडायझेपिन हेच योग्य औषध आहे, याबद्दल वाद नाही. कुणी घरीच एकदम दारू सोडली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, नसलेली माणसं दिसू लागली, तर तो झोपेचा प्रश्नच नाही, रिक्षा करून सरळ सिव्हिल गाठायचं, हेही मी लोकांना सांगत असते. माझी तक्रार नंतरच्या पानाबद्दल आहे. व्यसन जडण्याची प्रवृत्ती असलेल्या माणसाला दारूसारखीच गाबाच्या यंत्रणेवर काम करणारी, तशीच सवय लावणारी गोळी मोकळ्या हाताने द्यायची आणि बंद कशी करायची ते सांगायचं नाही. त्यात तो पुन्हा प्यायला, तर गोळी आणि दारू मिळून श्वासच मंद करतात. गोळी लिहायचीच असेल तर किती दिवस, कोणत्या तारखेपासून अर्धी, कोणत्या तारखेला बंद, हे चिठ्ठीवर लिहा. मी त्याबरहुकूम आठवड्याआठवड्याला मोजून देईन. पट्टी आख्खी हातात पडली की ती आख्खीच संपते.

'सवय न लावणाऱ्या' म्हणून ट्रॅझोडोन (मुळात नैराश्यावरचं औषध) किंवा क्वेटियापिनच्या (मुळात गंभीर मानसिक आजारांवरचं) कमी डोसाच्या चिठ्ठ्याही येतात. ट्रॅझोडोनची चाचणी अमेरिकेत व्यसनमुक्तीच्या रुग्णांवर झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले: झोप सुधारली, पण पिणं कमी झालं नाही, उलट गोळी थांबवल्यावर पिणं वाढलं. क्वेटियापिनने वजन आणि साखर वाढते, आणि आपल्याकडे साखर कुणाच्या घरात नाही? गाबापेंटिन या मुळात फीटवरच्या औषधाने पिणं आणि झोप दोन्हींत फायदा झाल्याच्या चाचण्या आहेत. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेटनंतरची औषधं म्हणून टोपिरामेटबरोबर ती आहे. मात्र मूत्रपिंड तपासून डोस ठरवावा लागतो, आणि तिचाही गैरवापर होतो. ॲकॅम्प्रोसेटने पिण्याची ओढ कमी होते, शिवाय झोपेला थोडी मदत होते असंही दिसलं आहे. पण दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या म्हणजे मागावरच्या माणसाची दुपारची हमखास चुकते. चुकते हे तो तुम्हाला सांगत नाही, मला पट्टीवरून कळतं.

एक अगदी साधी गोष्ट. नाल्ट्रेक्सोनने काहींची झोप उडते. कार्डावर ती 'रात्री जेवणानंतर' लिहिलेली असली आणि झोपेची तक्रार असली, तर ती सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगून बघा. याला पैसा लागत नाही.

गोळीवाचूनचा उपचार मात्र जगभर पहिल्या पसंतीचा ठरला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी औषधांच्या आधी तोच सुचवला. त्याला निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे आणि शिकलेला समुपदेशक किंवा नर्स सहा-आठ बैठकांत करू शकतो. दारू सोडलेल्या लोकांवरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. झोप सुधारते हे त्यांत स्पष्ट दिसतं. पिणं त्यामुळे कमी होतं का, याबद्दलचे निकाल मिश्र आहेत. मला विचाराल तर झोप सुधारणं हेही पुरे आहे.

त्यातलं मुख्य काय? पहिलं म्हणजे रोजनिशी: कधी पडला, कधी डोळा लागला, किती वेळा उठला, कधी जागा झाला. दुसरं, अंथरुणातला वेळ कमी करायचा. पाच तास झोपणारा माणूस नऊ तास पडून राहतो, चार तास कूस बदलतो आणि अंथरूण दिसलं की त्याला धास्तीच वाटायला लागते. त्याला सांगायचं, साडेपाच तासच पडायचं, रात्री बारा ते साडेपाच, मध्ये दिवसा नाही. पडलेल्या वेळातला बहुतेक वेळ झोपेत जायला लागला की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. तिसरं, झोप येत नसेल तर उठायचं आणि पेंग आल्यावरच परत जायचं. ही पद्धत रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली. चौथं, सकाळी उठायची वेळ काही झालं तरी बदलायची नाही.

इथे तुमच्या वेळापत्रकाकडेही एकदा बघा. काही केंद्रांत रात्री साडेनऊला दिवे बंद, पहाटे पाचला घंटा, दुपारी जेवण झाल्यावर दोन तास सक्तीची विश्रांती. जागा असलास तरी पडून राहा, उठून फिरू नकोस, इतरांना त्रास होतो. शिस्त म्हणून ठीक आहे, पण यात माणूस महिनाभर रोज अंथरुणात जागं पडून राहण्याचाच सराव करतो. दुपारची विश्रांती बंद करून त्या वेळात शेअरिंगचा गट घेतला आणि दिवे अकराला बंद केले, तर कुणाचं काय बिघडेल?

आता हे नियम आपल्या घरांत कसे बसवायचे, यावर डोकं लावावं लागेल, कारण ते वेगळ्या झोपायच्या खोल्या असणाऱ्यांसाठी लिहिलेले आहेत. 'अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवा.' हा आपल्याकडे बंगल्यांपेक्षा सोपा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत गादी रात्री घालतात, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात. पलंगावर लोळत मोबाइल बघायची चैन नाही. फक्त गादी लवकर घालायची नाही एवढं सांगितलं की झालं.

'झोप येत नसेल तर दुसऱ्या खोलीत जा.' दुसरी खोली कुठली? पाच माणसं एका ओळीत झोपलेली, दार उघडलं की गल्ली. ओट्यावर बसा म्हणावं, तर ओटा आणि चौक यांत चाळीस पावलांचं अंतर, आणि रात्री एकला चौकात जे बसलेले असतात ते पाणी पीत नसतात. म्हणून आमच्याकडच्या एका विडी कामगार बाईने स्वतःच तोड काढली. नवरा उठला की ती झोपेतच सांगते, पानं घ्या. तो दारापाशी शून्य नंबरचा दिवा लावून बसतो, भिजवून ठेवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापाने कातरतो, तंबाखूला हात लावायचा नाही. कंटाळवाणं, हाताचं, आवाज नसलेलं काम. पाऊण तासात त्याची मान खाली यायला लागते. सकाळी तिची अर्धी पानं तयार. कुठल्याही समुपदेशकाला यापेक्षा बरं सुचलं असतं असं मला वाटत नाही.

'उठायची वेळ बदलू नका.' आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो आणि कधी रात्री दोनला सुटतो. पूर्वी तो पिऊन पडलेला असायचा, पाणी बायको-मुली भरायच्या. आता तो जागाच असतो, तोच भरतो. घरच्यांना केवढा आनंद! तो आनंद मोडायचा नाही. एवढंच सांगायचं की पाणी भरून झालं की चहा टाकायचा नाही, मोबाइल उघडायचा नाही, परत पडायचं, आणि सकाळी उठायचं ते नेहमीच्याच वेळी. दुपारी भरपाई करायची नाही.

रात्रपाळीचं गणित वेगळं. बारा तासांची पाळी, आठवड्याला बदल. आठला घरी, डोक्यावर पत्रा, एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस. अशा खोलीत दिवसा झोपण्यासाठीच पुष्कळांनी क्वार्टर सुरू केली आहे. त्यांना नुसत्या सवयी बदलून भागणार नाही. पहिले तीन-चार महिने एकच पाळी, शक्यतो दिवसाची, द्यावी अशी दोन ओळींची चिठ्ठी केंद्राच्या लेटरहेडवर मालकाला दिलीत तर बरेच मालक ऐकतात. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, 'वैद्यकीय कारण' पुरे. अंथरुणातला वेळ कमी करण्याचा उपाय चालू असेल तेव्हा सुरुवातीला दिवसा डुलकी येते, आणि मागावर डुलकी म्हणजे बोटांशी खेळ. म्हणून तो उपाय पाच-साडेपाच तासांच्या खाली न्यायचा नाही, आणि ज्याला फीट येऊन गेली आहे त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचाच नाही.

चहा आणि मावा. दारू सोडलेला माणूस या दोन्हींवर तुटून पडतो आणि सगळे कौतुकाने बघतात, की दारूपेक्षा बरं. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, निकोटिन जागं ठेवतं. दुपारी तीननंतर चहा नाही, रात्री जेवल्यावर मावा नाही. सगळंच एकदम सोडायला सांगू नका, ऐकणार नाही.

घोरणं बायकोला विचारा, त्याला विचारून उपयोग नाही. जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकतो, दिवसा पेंगतो, ब्लडप्रेशर आहे, मान जाड आहे, अशा माणसाला झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो. दारूने घसा आणखी सैल पडतो, झोपेच्या गोळ्यांनीही पडतो. त्याला गोळी देण्याआधी तपासणीला पाठवा. पडल्यावर पायांत वळवळ होते म्हणणाऱ्याचं लोह तपासा. आणि झोप नाही, जेवण नाही, 'जगून काय करायचं' अशी भाषा ऐकू आली तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत आणि तेलुगूतही बोलता येतं. तो कार्डावर ठळक छापा. व्यसनमुक्तीचा १४४४६ त्याच्या शेजारी.

तर कार्डावर मला काय हवंय? दाखल होताना झोप कशी होती, सुटताना कशी आहे, ताडीचा इतिहास आहे का, घोरणं विचारलं का, झोपेची गोळी असेल तर बंद करण्याची तारीख, उठायची ठरलेली वेळ, आणि ज्याला फोन करता येईल अशा समुपदेशकाचं नाव. अर्ध्या पानाचा रकाना. फॉलोअपला माणूस आला की 'पितोस का' याच्या आधी 'झोपतोस का' विचारा. पहिल्या प्रश्नाला तो खोटं बोलू शकतो, दुसऱ्याला सहसा बोलत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा की दोन-तीन महिने झोप अशीच तुटक राहील, याने कुणी मरत नाही, ही उतरणीला लागलेली गोष्ट आहे. हे न सांगितल्यामुळे तो पाचव्या रात्री ठरवून टाकतो की दारूशिवाय आपल्याला कधीच झोप येणार नाही.

आमच्या बाजूने मी एवढं करू शकते. पूर्व भागातल्या ओळखीच्या पाच-सहा मेडिकलवाल्यांशी बोलले आहे. तारखा लिहिलेली चिठ्ठी असेल तर गोळ्या आठवड्याच्या हिशेबाने मोजून द्यायला आणि कुणी लवकर परत आला तर केंद्राला फोन करायला ते तयार आहेत, मात्र पेशंटची त्याला लेखी संमती असली पाहिजे. झोपेच्या रोजनिशीचा एक पानी नमुना मी मराठीत आणि तेलुगूत करून ठेवला आहे. लिहिता न येणाऱ्यासाठी त्यात तासांचे चौकोन आहेत, झोपेचे तास काळे करायचे. कन्नडचा कुणी करून दिला तर हवा आहे. तेलुगू मजकूर तुमच्या एखाद्या समुपदेशकाने एकदा नजरेखालून घातला की मी छापायला टाकते. छपाईचा खर्च माझा.

आपली,
पूर्व भागातील एक औषधविक्रेती, सोलापूर